दोन फळ्या की एक

मला भीती वाटते हे मी कधी लपवलेलं नाही. काही बायका भीतीला काळजी म्हणतात, म्हणजे ऐकायला बरं वाटतं. मी सरळ भीती म्हणते. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी शहाद्याच्या स्टँडवरून रिक्षा करून परत घरी गेलेली बाई आहे, आणि गॅस बंदच होता. मुलीचा पाय मोडला तेव्हापासून मात्र माझी सगळी भीती एका जागी जाऊन बसली. तिच्या डाव्या पायाच्या नडगीवर.

कॉलेज सुटल्यावर ती लोणखेड्याहून स्कुटीवर घरी येत होती. ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरलं आणि गाडी तिच्या पायावर आली. पायात रॉड टाकला, पुढे तो काढलाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, हाड आता इतरांसारखंच आहे, पळू द्या तिला. मी विचारलं, पळू द्या म्हणजे किती? डॉक्टर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पळणं महत्त्वाचं होतं, कारण तिला पोलीस भरतीत जायचं आहे. आमच्याकडे भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असतो, ग्राउंड. म्हणजे मैदानी परीक्षा, धावणं आणि गोळाफेक. लेखी पेपराचं काय ते नंतर, आधी ग्राउंड निघालं पाहिजे. ते हुकलं की पुढची भरती निघेपर्यंत हात चोळत बसायचं. तिच्या ग्राउंडची तारीख दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी होती. रोज सकाळी ती मैदानावर पळायची आणि मी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसायची. तिला शिकवणारे सर एकदा मला म्हणाले, "ताई, पाय बरा झालाय, पण शेवटच्या वळणावर ती अजून तो पाय जपते. वेळ तिथेच जातो." मी मान हलवली. मनात म्हटलं, जपते तेच बरं आहे.

भाऊबीजेला माझी नणंद आणि तिचे यजमान सुरतेहून आले. यजमानांना आम्ही घरात पाहुणेच म्हणतो, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी. मूळचे आपल्याकडचेच, पण सुरतेत राहून त्यांना सगळं करून बघायची हौस लागली आहे. त्यांनी जाहीर केलं की उद्या नवापूरच्या पुढे धरणाच्या फुगवट्यावर जायचं, तिथे कुणीतरी बोटिंग सुरू केलंय. मी शेंगा भाजून घेतल्या. बोटिंग म्हणजे माझ्या डोळ्यापुढे छत असलेली बोट होती, बाकावर बसायचं, शेंगा सोलायच्या, फोटो काढायचे आणि परत यायचं.

पोचलो तर काठावर एक लांबट स्पीडबोट, तिच्या मागे जाड दोर, दोराच्या टोकाला आडवी मूठ. बोटवाला पन्नाशीचा, त्याच काठावरच्या गावचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने ताडपत्रीवर दोन प्रकार मांडून ठेवले होते. एकीकडे दोन लांब अरुंद फळ्या, प्रत्येकीवर एकेक रबराची चप्पल बसवल्यासारखी. दुसरीकडे एकच रुंद आखूड फळी आणि तिच्यावर दोन बूट, आडवे, शेजारी शेजारी ठोकलेले.

"याच्यावर काय करायचं?" मी विचारलं.

"उभं राहायचं," बोटवाला म्हणाला.

"बोटीत?"

"पाण्यावर, ताई. बोट ओढते."

पाहुणे माझ्याकडे बघून हसत होते. "वहिनी, आते बोट म्हणजे बठीसन शेंगा खावानं काम नही ऱ्हायनं."

मी पाण्याकडे बघितलं. दिवाळीनंतरचं पाणी, काठोकाठ, हिरवट, वाऱ्याने जरासं सुरकुतलेलं. पलीकडे गुजरात. मी विचारलं किती खोल आहे. बोटवाला म्हणाला, "आजोबाचं शेत खाली आहे आमचं. मापलं नाही कधी." त्याला यात विशेष काही वाटत नव्हतं. मी मात्र काठापासून दोन पावलं मागे सरकले.

मग दोन घरांत वाद सुरू झाला, दोन फळ्या की एक. सुरतेचा पक्ष दोन फळ्यांचा. नणंदेचं म्हणणं सरळ होतं. "दोन पाय, दोन फळ्या. चालतस तसंच. एका फळीवर दोन्ही पाय बांधीसन कोन उभं ऱ्हास?" मुलीच्या मनात एक फळी होती, कारण मोबाईलवर तिने तेच बघितलं होतं. माझे यजमान प्रत्येक प्रश्नाला "दखू", म्हणजे बघू, म्हणतात, लग्नाच्या बोलणीतही त्यांनी हेच म्हटलं होतं म्हणे. इथेही त्यांनी दोन्ही फळ्यांना बुटाने हळूच हलवून बघितलं आणि म्हणाले, "दखू."

बोटवाल्याने समजावलं ते असं. दोन फळ्यांवर प्रत्येक पाय स्वतंत्र. पडलं की फळ्या आपसूक निघून पडतात, पाय मोकळे. पण पाय जवळ धरून ठेवावे लागतात, नवख्या माणसाचे फाकतात. एका फळीवर दोन्ही पाय घट्ट, फाकायचा प्रश्नच नाही. बोटही जरा हळू चालवावी लागते, उभं राहायला सोपं. पण पडलं तरी ती फळी निघत नाही, पायातच राहते. "जॅकेट आहे ना, बुडत नाही," तो म्हणाला.

माझ्यासारख्या बाईला एवढं ऐकवायला नको होतं. दोन फळ्या घ्याव्या तर पाय फाकणार, पिळणार, आणि नडगी जाणार. एक फळी घ्यावी तर दोन्ही पाय बांधलेली माझी मुलगी कुणाच्या तरी आजोबांच्या शेतावर तरंगत राहणार. एकात पाय जातो, दुसऱ्यात जीव. मी दोन्ही फळ्यांकडे आळीपाळीने बघत होते आणि मला दोन्ही सारख्याच ओंगळ दिसत होत्या.

आधी पाहुणे गेले, दोन फळ्यांवर. आम्ही सगळे बोटीत बसलो. सुरू करायचं कधी, हे कसं कळणार, असं पाहुण्यांनी पाण्यातून विचारलं. बोटवाला म्हणाला, "तयार झाले की आवाज द्या. जाऊ द्या म्हणा. एसटीसारखं." ते सगळ्यांना पटलं. कंडक्टर घंटी वाजवतो, जाऊ द्या म्हणतो आणि गाडी हलते, यात न कळण्यासारखं काय आहे.

पाहुण्यांनी दणक्यात आवाज दिला. बोट सुटली, दोर ताठ झाला, आणि पाहुणे पाण्यातून खरंच वर आले. एक क्षण ते उभे होते, आणि नणंद मोबाईल धरून ओरडत होती. मग त्यांचे पाय एकमेकांपासून दूर जायला लागले. घाई नव्हती, हळूहळू, कुणी दोन बाजूंनी दार उघडावं तसे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग विनवणी, आणि मग ते पुढच्या पुढे तोंडावर आपटले. फळ्या दोन दिशांना वाहत गेल्या.

बोटीत चढल्यावर बराच वेळ ते मांड्या चोळत होते. "एक पाय नवापूरले ग्या, एक तिकडे गुजरातमा उच्छलले," ते म्हणाले. "मी मझारच ऱ्हायनू." सगळे पोट धरून हसले. मला हसता आलं नाही. मी ते पाय फाकताना बघितले होते आणि त्या जागी मला दुसरेच पाय दिसले होते.

"आते मी जास," मुलगी म्हणाली.

ती जॅकेटचे पट्टे आवळत होती, म्हणजे तिचं ठरलं होतं. मी म्हटलं, ग्राउंड झाल्यावर जाय, मग काय वाटेल ते कर, विमानातून उडी मार. ती म्हणाली, "सर काय म्हनतस ते तुले माहीत शे. मी तो पाय जपस. माले ते जपनं सोडनं शे." मी तिच्या वडिलांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते काय म्हणणार हे मला माहीत असल्याने मी हात वर करून त्यांना थांबवलं. नणंद म्हणाली, वहिनी, पोरगी मोठी झाली, उद्या चोरांच्या मागे पळणार आहे ती. मला तिचा राग आला. चोरांच्या मागे पळायला आधी पाय लागतो, हे सुरतेत कुणी शिकवत नसेल.

ती ऐकणार नाही हे दिसल्यावर मी जे बोलले त्याने मीच सगळ्यात जास्त दचकले. "पहिले मी जासू," मी म्हटलं. "एका फळीवर. पायाले काय व्हस ते माले समजी, मंग ती जाई."

लहानपणी खिचडी तिच्या तोंडात घालायच्या आधी मी माझ्या ओठाला लावून बघायची, यात काही वेगळं नव्हतं. पण सगळे असे हसायला लागले की जणू मी बोटच चालवते म्हटलं. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, मम्मी, तुले पोहता येत नही. मी म्हटलं, जॅकेटाले येस ना.

बोटवाल्याने माझे पाय त्या बुटांत घातले, आधी आत पाणी ओतून, म्हणजे सरकतात. पंजाबी ड्रेसची सलवार घोट्यापाशी गोळा झाली. ओढणी मी नणंदेकडे दिली आणि तेव्हापासूनच मला उघड्यावर पडल्यासारखं झालं. मग त्यांनी मला बोटीच्या मागून पाण्यात सोडलं. पाणी गार होतं, पण गारठ्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते हे, की खाली काही नाही. पाय टेकवायचा म्हटला तर पाय माझे राहिलेच नव्हते, दोन्ही मिळून एक जड वस्तू झाली होती, जी आपल्या मर्जीने कधी या कुशीला, कधी त्या कुशीला वळत होती. जॅकेट कानापर्यंत वर आलं होतं. हातात दोराची मूठ होती. बोट हळूहळू पुढे सरकत होती आणि माझ्या आणि बोटीच्या मधला दोर एकेक वळसा उलगडत होता.

मी देवाचं नाव घेतलं नाही. मी नडगीचाही विचार केला नाही. मी एवढाच विचार केला की मला इथून बाहेर काढा. बोटीतून माझ्या यजमानांनी वाकून विचारलं, "काय वं, जमी का?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दखू सोडून दुसरा शब्द वापरला होता.

मी नवऱ्याला जसं रोज सांगते तसंच सांगितलं. "नको हो, जाऊ द्या."

यातलं नको हो इंजिनाच्या आवाजात बुडालं. जाऊ द्या बोटवाल्यापर्यंत नीट पोचलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. दोराने हिसका दिला तो खांद्यात बसला. सगळ्यांनी सांगितलं होतं, पडलात की मूठ सोडून द्या. पण मी कोरीट गावची, शेतकऱ्याची मुलगी. बैल उधळला तर हात सोलून निघाले तरी कासरा सोडायचा नाही, हे आमच्या वडिलांनी चालता येण्याच्या आधी शिकवलेलं. मी मूठ अशी धरली की जणू ती सोडली तर वडील ओरडतील. बोट पळत होती आणि मी तिच्या मागे पाण्याखालून चालले होते. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, कानात घों घों. मला श्वास घ्यायचा होता आणि तोंड उघडलं की आत फक्त पाणी येत होतं. मी मरते आहे, हे मला अगदी स्वच्छ कळलं. दुसरं काही कळलं नाही.

मग कुणीतरी ओरडलं, "सोड, मम्मी, सोड." तो आवाज मुलीचा होता. त्या आवाजाने माझी बोटं उघडली. दोर निघून गेला आणि मी उताणी वर आले, आकाशाकडे तोंड करून, खोकत, रडत, सगळं एकदम.

बोट वळून माझ्याजवळ येईपर्यंत मुलगी पाण्यात उतरली होती. तिने एका हाताने माझी हनुवटी वर धरली आणि दुसऱ्या हाताने फळीचे बूट सैल केले. मी तिला म्हटलं, मी जाऊ द्या म्हटलं होतं. ती म्हणाली, "हो ना, म्हनीसनच त्यास्नी जाऊ दिधं." मी म्हटलं, तसं जाऊ द्या नाही गं, राहू द्या असं जाऊ द्या. तेव्हा तिला कळलं आणि तिचा चेहरा उतरला. बोटवाल्याचा तर रंगच उडाला होता. त्याने हात जोडले. मीही जोडले. चूक त्याची नव्हती, माझी नव्हती, आणि तरी मी दोन घोट कमी प्याले असते तर त्याला चार शब्द ऐकवलेच असते. त्यानंतर त्याने तोंडी आवाज बंदच केला. आता फक्त हात, तो म्हणाला. हात वर म्हणजे सुरू, हात मानेवरून आडवा म्हणजे बंद. बोलायचं नाही.

बोटीत ओल्या अंगाने बसल्यावर मी माझ्या नडग्या चाचपून बघितल्या. दोन्ही ठीक होत्या. पाय कुठे पिळला नव्हता, फाकला नव्हता. म्हणजे जे बघायला मी गेले होते ते बघून झालं होतं, आणि माझं तोंड बंद झालं होतं. मी मुलीला म्हटलं, "एकच फळी घे." एवढं म्हणताना माझे दात वाजत होते.

ती पाण्यात उतरली. बोटवाल्याने सांगितलं की एकाने मागे तोंड करून बसायचं, तिच्यावर नजर ठेवायची आणि हात दिसला की त्याला सांगायचं, कारण त्याला पुढे बघावं लागतं. ती जागा माझी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मी बोटीच्या मागच्या बाकावर बसले, कडेची पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि तिच्याकडे बघत राहिले.

तिने हात वर केला. मी सांगितलं. बोट सुटली. ती गुडघे पोटाशी घेऊन पाण्यातून उचलली गेली, अर्धी उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि पडली. बोट वळली, दोर पुन्हा तिच्या हातात दिला. पुन्हा तेच. उचलली गेली, माझ्याकडे बघितलं, पडली. प्रत्येक वेळी ती पडली की मी उठून उभी राहत होते आणि बोटवाला मला बसा बसा म्हणत होता. आणखी एकदा झालं. या वेळी ती कडेवर पडली, डाव्या अंगावर, आणि पाण्याचा फाडकन आवाज आला. ती वर आली. अंगठा वर करून दाखवला. ठीक आहे.

बोट जवळ गेली तेव्हा ती धापा टाकत होती. केस तोंडावर चिकटले होते. मी म्हटलं, आता पुरे, बघून झालं, चल वर.

"मम्मी," ती म्हणाली, "तू पुढे तोंड करीसन बस."

"काबरं?"

"तुन्हं तोंड दखस ना, मंग मी पडस."

 मी विचारलं, माझ्या तोंडाला काय झालं? खरं तर मला राग आला होता. पाणी पिऊन, मरून, परत येऊन मी तिथे बसले होते ते कुणासाठी?

तिने एका हाताने बोटीची कड धरली. ती ओरडली नाही, उलट हळू बोलली, म्हणून ते जास्त लागलं. "ग्राउंडवर बी तेच व्हस. वळनवर तू दिसस कट्टावर. तुन्हं तोंड दखं की माले वाटस, आते मोडना पाय. सरस्ले वाटस मी पाय जपस. मी पाय नही जपत मम्मी. मी तुले जपस." मग ती म्हणाली, "भरतीना दिवस तू येऊ नको."

 इतके दिवस मी समजत होते की ती पळते आणि मी तिथे बसून तिला धरून ठेवते आहे, पडू देत नाही. धरून ठेवलं होतं हे खरंच होतं. मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते उठले आणि माझ्या शेजारी येऊन मागे तोंड करून बसले. "मी दखस," ते म्हणाले.

मी वळले. बोटीच्या टोकाकडे तोंड केलं, मुलीकडे पाठ केली.

पाण्याखाली ओढली जात होते तेव्हा भीती मोठी होती, पण तिला वेळ नव्हता. आता वेळच वेळ होता. समोर बोटवाल्याची पाठ, त्याच्यापुढे काच, काचेपलीकडे पाणी आणि लांब गुजरातच्या टेकड्या. पाहुणे आणि नणंद माझ्यासमोर बसले होते आणि दोघंही माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. मला मुलगी दिसत नव्हती, पण तिला बघणारे डोळे दिसत होते. ते मी वाचायला लागले तर नणंदेने मोबाईल तोंडासमोर धरला. माझे यजमान म्हणाले, "हात वर." बोटीचं नाक उचललं. बाक माझ्या पाठीत रुतला.

मागून पाण्याचा फाटल्यासारखा आवाज आला. आता पडेल, मी मनात म्हटलं. आता. आता. ती पडल्याचा आवाज मला इतका पाठ झाला होता की तो आला नाही तेव्हा मी अजूनच घाबरले. आवाज आला नाही म्हणजे काय? दोर सुटला? फळी पायातून निघाली? ती खाली गेली आणि कुणाला कळलंच नाही? मान फिरवायला किती लागतं? एक क्षण. तिला कळलंही नसतं. माझ्या मानेतली शीर न शीर मागे वळायला ओढत होती. मी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि समोरच्या काचेवरचा एक चिखलाचा डाग बघत बसले. वर आलेल्या श्वासाचं काय करावं हे मला कळत नव्हतं. पाहुणे एकाएकी टाळ्या वाजवायला लागले. नणंदेच्या तोंडून "अय माय वं" एवढंच निघालं. माझ्या यजमानांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो थरथरत होता. रडतात की हसतात, हेही मला बघता येत नव्हतं.

बोट बराच वेळ चालली. एक लांब वळण घेतलं, काठ उजवीकडून डावीकडे गेला. वळणावर मी डोळे मिटले. मला वाटलं, हेच ते वळण, इथेच ती जपते. मी डोळे मिटून नडगी धरली, माझीच, आणि दाबत राहिले. मग इंजिनाचा आवाज खाली आला. यजमान म्हणाले, "सोडा तिनी." पडली नव्हती. तिने दोर स्वतः सोडला होता.

बोट थांबली तरी मी वळले नाही. वळायचं की नाही हे तिने सांगितलं नव्हतं. मागे पाणी निथळण्याचा आवाज आला, फळी बोटीवर टेकली, ओल्या पावलांचा आवाज आला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही पायांवर, सारखी. ओठ निळे पडले होते. मी तिच्या पायाकडे बघितलं आणि मग लगेच दुसरीकडे बघितलं.

नणंद म्हणाली, वहिनी, व्हिडिओ दखा, काय उभी ऱ्हायनी पोर. मी म्हटलं, नंतर.

मुलगी खाली बसली, माझ्या पायांशी, बोटीच्या ओल्या तळावर. टॉवेल दिला तो तिने घेतला नाही. "मी दखत व्हती," ती म्हणाली. "सगळा टाइम तुन्ही पाठच दखत व्हती. तू एक डाव बी मांगे फिरनी नही."

"तूच म्हणाली ना."

"माले वाटनं तू फिरशी." ती म्हणाली. वीस वर्षांची, उद्या अंगावर वर्दी घालणारी मुलगी, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. माझी सलवार आधीच भिजलेली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला अजूनही भीतीच वाटत होती, जरासुद्धा कमी झाली नव्हती, आणि ती आता माझी मलाच सांभाळायची होती.

बोट काठाला लागली. बोटवाल्याने दोर खुंट्याला बांधला. मुलीने नाक पुसलं, उठून उभी राहिली आणि उतरायला मला हात दिला.

"ग्राउंडले येजो," ती म्हणाली. "पन पाठ करीसन बसजो."